रोजच्या ताटातून मनाला आधार: विदर्भातील शेतकरी घरांसाठी सुरुवातीचे मार्गदर्शन

पेरणीच्या तोंडावर पावसाने दिलेली ओढ, कपाशीवर झालेला खर्च, सोयाबीनचा पडलेला भाव, बँकेचे किंवा सावकाराचे हप्ते आणि त्यातच घरात ठरलेले लग्नकार्य, यांमुळे विदर्भातील शेतकरी घरांमध्ये मनावरचा ताण जवळपास वर्षभर मुक्कामाला असतो. जेवणात बदल केल्याने हा ताण नाहीसा होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण कर्जाचे, भावाचे आणि पाण्याचे प्रश्न त्यांच्या त्यांच्या जागीच सोडवावे लागतात. मात्र आलेला ताण पेलण्याची शरीराची आणि मेंदूची ताकद काही अंशी रोजच्या अन्नावर अवलंबून असते. त्या ताकदीला लागणाऱ्या अन्नापैकी पुष्कळसे अन्न आपल्याच धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), परसात आणि आठवडी बाजारात मिळते. ज्यांनी या दृष्टीने आपल्या ताटाकडे कधी पाहिले नाही, त्यांनी सुरुवात कुठून करावी आणि पुढे कसे जावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

सुरू करण्याआधी

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर भाजी-भाकरीच्या बदलाची वाट पाहत बसू नये. टेलिमानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारणा केल्यास जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापर्यंत पोहोचता येते. घरातील एखादी व्यक्ती अशा अवस्थेतून जात असेल, तर तिला एकटे सोडू नये. त्या काळात फवारणीची औषधे घरात हाताशी ठेवू नयेत. ती कुलूपबंद जागी ठेवून किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्यावी. ज्यांचे उपचार आधीच सुरू आहेत, त्यांनी आहार सुधारला म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

अन्नाचा मनाशी संबंध किती आणि कसा

ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैराश्य असलेल्या 67 जणांचे त्यात दोन गट करण्यात आले. एका गटाला 12 आठवडे आहारतज्ज्ञांच्या मदतीने भाज्या, फळे, डाळी, अख्खी धान्ये, ऑलिव्ह तेल आणि मासे यांवर भर असलेल्या जेवणाची सवय लावण्यात आली, तर दुसऱ्या गटाला तेवढ्याच काळात गप्पागोष्टींची नियमित सोबत देण्यात आली. अखेरीस आहार बदललेल्या गटातील सुमारे 32 टक्के लोकांचे नैराश्य ओसरलेले आढळले. सोबत मिळालेल्या गटात हे प्रमाण 8 टक्के होते. प्रयोग लहान होता, सहभागी झालेल्या बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन सुरूच होते आणि आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना कळत होते. म्हणून या आकड्यांवरून मोठे दावे करणे योग्य नाही. पण उपचारांच्या जोडीला चांगला आहार असावा, एवढे म्हणण्यास हा आधार पुरेसा आहे, असे माझे मत आहे. त्या जेवणात मासेही होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. येथे सांगितलेला आहार वनस्पतीप्रधान आहे. जे अंडी किंवा मासे खातात, त्यांनी ते सोडण्याचे काही कारण नाही.

हे शरीरात कसे घडत असावे, याचे काही धागे ठाऊक आहेत. भाज्या, डाळी आणि अख्ख्या धान्यांतील तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे खाद्य होतात आणि त्यांपासून तयार होणारी आम्ले आतड्याचे अस्तर निरोगी ठेवतात, तसेच शरीरातील दाह आटोक्यात ठेवण्यास मदत करतात. दीर्घकाळ टिकणारा सौम्य दाह आणि उदासीनता पुष्कळदा एकत्र आढळतात. आतडे आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत निरोपांची देवाणघेवाण चालू असते, म्हणूनच चिंता वाढली की पोट बिघडते आणि पोट बिघडले की चित्त थाऱ्यावर राहत नाही. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हे खरे आहे. परंतु ते तसेच्या तसे मेंदूत जात नाही. मेंदूला स्वतःचे सेरोटोनिन बनवण्यासाठी डाळी, तीळ आणि फल्लीदाणे (शेंगदाणे) यांतून मिळणारे ट्रिप्टोफॅन लागते आणि त्याच्या जोडीला लोह व ब गटातील जीवनसत्त्वेही लागतात. त्यामुळे अमुक एक पदार्थ खाल्ला की मन प्रसन्न होते, अशा सांगण्यावर विश्वास ठेवू नये. परिणाम होतो तो महिनोन्महिने टिकलेल्या सवयीचा.

पायरी पहिली: आठवडाभर केवळ नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. मुलांच्या जुन्या वहीत घरातील प्रत्येकाने किती वाजता काय खाल्ले, चहा किती वेळा घेतला, ताटात पालेभाजी आणि डाळ होती का, आणि त्या दिवशी झोप व मन कसे होते, एवढेच लिहावे. शेवटी कोण जेवले आणि तेव्हा पातेल्यात काय उरले होते, हेही लिहावे. या नोंदीचा उपयोग पुढे होईल. बहुतेक घरांत अशी वही लिहिली की दोन गोष्टी दिसून येतात: सकाळचे पोट रिकामे असते आणि भाजी म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस आलूच शिजतो.

पायरी दुसरी: सकाळी कामाला निघण्याआधी खाणे

माझ्या मते सर्वांत आधी करण्याजोगा बदल हाच आहे आणि त्याला खर्चही जवळपास लागत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया उजाडताच स्वयंपाक उरकून, मुलांचे डबे भरून शेताकडे निघतात. त्या वेळी त्यांच्या पोटात कपभर गोड चहा आणि फार तर दोन टोस्ट असतात, आणि शिदोरी सुटते ती दुपारी. चहातील साखरेने आलेली तरतरी लवकर ओसरते. त्यानंतर उन्हात वाकून काम करताना डोके दुखणे, हातपाय गळणे, लहानशा बोलण्याने संताप येणे किंवा रडू येणे असे प्रकार होतात, आणि घरचे लोक त्याला स्वभावाचा दोष समजतात. पुष्कळदा ती उपाशी पोटाची तक्रार असते.

यासाठी नवा पदार्थ शिकावा लागत नाही. रात्रीची ज्वारीची भाकर ताकात कुस्करून, ज्वारीच्या कण्या किंवा आंबील, रात्री भिजवलेले हरभरे आणि मूठभर फल्लीदाणे व गूळ, यांपैकी जे घरात असेल ते निघण्याआधी खावे. ज्वारीची भाकर आणि डाळी यांतील तंतूंमुळे पचन सावकाश होते आणि दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. गेल्या काही दशकांत सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीची जागा घेतली आणि ताटात रेशनचे गहू-तांदूळ आले. तरीही घरापुरत्या दोन ओळी ज्वारी पेरणे ज्यांना शक्य आहे, त्यांनी ती अवश्य पेरावी, कारण कडब्याने जनावरांचीही सोय होते.

पायरी तिसरी: डाळ विकण्याआधी घरची बाजूला काढणे

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, 2000 कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीच्या दिवसभराच्या ताटात 85 ग्रॅम डाळी व कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे आणि 35 ग्रॅम तेलबिया व सुकामेवा असावा. या हिशेबाने चार मोठ्या माणसांच्या घराला वर्षाकाठी सव्वा क्विंटलच्या आसपास डाळी व कडधान्ये लागतात. तुरीच्या पट्ट्यात राहूनही अनेक घरे सगळी तूर हंगामात विकतात आणि पुढे दुकानातून महाग डाळ पाव-पाव किलोने आणतात. साहजिकच वरण पातळ होत जाते. तूर, मूग, बरबटी आणि हरभरा यांतून घरचा वाटा मळणी होताच वेगळा काढून, वाळवून, कोठीत ठेवला, तर वर्षभराचा मोठा प्रश्न मिटतो.

डाळी शिजवण्याआधी भिजवाव्यात, कडधान्यांना आठवड्यातून दोनतीनदा मोड आणावेत. ज्यांना कडधान्यांची सवय नाही त्यांनी प्रमाण हळूहळू वाढवावे, नाही तर पोट फुगते आणि माणूस प्रयत्न सोडून देतो. पूर्व विदर्भात खाल्ली जाणारी लाखोळीची डाळ मात्र रोजचे मुख्य अन्न करू नये, कारण ती दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात खाल्ल्यास पायांना लुळेपणा येऊ शकतो.

पायरी चौथी: रोज एक पालेभाजी, आणि ती कुठून तोडावी

हिरव्या पालेभाज्यांतून फोलेट, मॅग्नेशियम, लोह आणि तंतू मिळतात, आणि मज्जासंस्थेच्या कामात यांपैकी बहुतेकांचा वाटा असतो. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने, केना आणि अंबाडी, हिवाळ्यात मेथी, पालक, चाकवत आणि हरभऱ्याचे शेंडे, उन्हाच्या तोंडावर चिवळ, आणि अधूनमधून शेवग्याचा पाला, असा क्रम आपल्याकडे निसर्गानेच लावून दिला आहे. एकच भाजी रोज खाण्यापेक्षा हा फिरता क्रम अधिक चांगला, कारण आतड्यातील जिवाणूंनाही विविधता मानवते.

अंबाडीचे उदाहरण घेऊ. पाने खुडून, दोन पाण्यांतून धुऊन, तूरडाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्यांसोबत शिजवावीत. आंबटपणा फार वाटला, तर शिजलेले सगळे पाणी फेकून देण्याऐवजी डाळीचे आणि कण्यांचे प्रमाण वाढवावे, कारण पाण्यासोबत पुष्कळ जीवनसत्त्वेही जातात. भाजी घोटून झाल्यावर वरून लसूण, लाल मिरची आणि फल्लीदाण्यांची फोडणी द्यावी. भाकरीसोबत ही एवढी एक भाजी घेतली तरी पाला, डाळ, धान्य आणि तेलबी असे चारही घटक एका जेवणात येतात. लोखंडी कढईत शिजवल्यास लोहाची थोडी भर पडते. मात्र आंबट भाजी शिजल्यावर कढईत तशीच ठेवू नये. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हरभऱ्याचे पीक महिनाभराचे झाले की शेंडे खुडतात. त्यामुळे झाडाला फांद्या अधिक फुटतात आणि घराला भाजीही मिळते. हेच शेंडे स्वच्छ करून सावलीत वाळवावेत आणि कोरड्या डब्यात भरून ठेवावेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांकडे जातो, विहिरी आटतात आणि बाजारातील पालेभाजी महाग होते, तेव्हा ही वाळवलेली भाजी डाळीत किंवा बेसनात शिजवता येते.

आता सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. कपाशी आणि सोयाबीनच्या शेतात तणनाशके व कीटकनाशके वापरली जातात, आणि तरोटा, केना यांसारख्या रानभाज्या नेमक्या त्याच धुऱ्यांवर उगवतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारलेल्या शेतातून किंवा त्याला लागून असलेल्या धुऱ्यावरून भाजी तोडू नये. धुतल्याने सगळे औषध निघून जाते, असे मानू नये. हरभऱ्याचे शेंडे पहिल्या फवारणीच्या आधी खुडावेत. शेजाऱ्याचे शेत असेल तर त्याला विचारावे, आणि खात्री नसेल तर ती भाजी सोडून द्यावी. परसात किंवा फवारणी नसलेल्या पडीक जागेत उगवलेली भाजी निर्धोक असते. न्हाणीच्या पाण्यावर परसात अंबाडी, पालक, सांबार (कोथिंबीर) आणि एखादे शेवग्याचे झाड सहज वाढते. ज्या पाण्यात साबण फार असतो ते भाजीला न देता बाजूच्या केळीला सोडावे.

पायरी पाचवी: जवसाची चटणी

जवस हे विदर्भाचे जुने पीक आहे आणि ओमेगा-3 प्रकारची चरबी देणाऱ्या वनस्पतींमध्ये त्याचे स्थान फार वरचे आहे. अख्खे दाणे खाल्ले तर ते बहुतांशी न पचता बाहेर पडतात, म्हणून दळणे आवश्यक आहे. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर जवस भाजावे; दाणे तडतडू लागले आणि खमंग वास सुटला की लगेच उतरवावे, कारण त्यापुढे ते करपून कडू होतात. पूर्ण निवल्यावर लसूण, तिखट, मीठ आणि थोडे जिरे घालून जाडसर कुटावे. दळलेल्या जवसाचे तेल लवकर खवट होते, त्यामुळे चटणी आठवड्याला पुरेल एवढीच करावी आणि मीठ बेताचे ठेवावे. प्रत्येकाला रोज एक ते दोन चमचे पुरेत, आणि त्यासोबत पाणी भरपूर प्यावे. जवसाच्या जागी अधूनमधून तिळाची किंवा कारळाची चटणी चालते.

पायरी सहावी: फळ, चहा आणि खर्रा

फळासाठी सफरचंदाच्या मागे लागण्याची गरज नाही. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांतील विक्रीस न जाणारी बारीक फळे, पेरू, बोरे, सीताफळ, जांभूळ, कवठ आणि आवळा यांतून ऋतूप्रमाणे जे मिळेल, ते रोज एक खावे. क जीवनसत्त्व असलेले आंबट फळ किंवा लिंबू जेवणासोबत घेतल्यास पालेभाजी आणि डाळीतील लोह अधिक शोषले जाते. याच्या उलट, जेवणाला लागून घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो. जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. संध्याकाळनंतरचा चहा झोप उडवतो, आणि झोप उडालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीचा ताण दुप्पट जड वाटतो.

खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाल्ल्याने डोके शांत होते, असे अनेकजण मनापासून सांगतात. वस्तुतः तंबाखूच्या सवयीमुळे जी अस्वस्थता निर्माण होते, तीच तेवढ्यापुरती शमते आणि थोड्या वेळाने पुन्हा उठते. शिवाय भूक मरते, तोंड भाजते आणि भाकर-भाजी नकोशी होते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास 1800-112-356 हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

पायरी सातवी: बाईचे ताट आधी

पाहणीच्या वहीत शेवटी कोण जेवले, याची नोंद ठेवण्यास सांगितले होते, ती येथे उघडावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयामुळे येणारा थकवा, चिडचिड आणि उदासी यांना बाहेरून पाहणारा मनाचाच आजार समजतो. पातेल्यातील भाजी सर्वांना वाढून झाल्यावर बाईच्या वाट्याला भाकर आणि ठेचा उरत असेल, तर वरच्या सर्व पायऱ्यांचा लाभ घरातील सर्वांत जास्त राबणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचत नाही. यावर सोपा मार्ग असा की, वाढण्याआधीच तिच्या वाट्याची भाजी आणि डाळ वेगळ्या वाटीत काढून झाकून ठेवावी, किंवा रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र बसून घ्यावे. हे काम घरातील पुरुषांनी आणि सासूबाईंनी आपणहून करावे; सुनेने स्वतःसाठी वाटी काढून ठेवावी, ही अपेक्षा बहुतेक घरांत पुरी होत नाही.

पायरी आठवी: तीन महिन्यांनी पुन्हा वही

एकेक पायरी पंधरा दिवस अंगवळणी पडू द्यावी आणि मगच पुढची घ्यावी. सगळ्या पायऱ्या घेऊन झाल्या की तीन महिने तसेच चालू ठेवावे आणि मग पुन्हा आठवडाभर पहिल्यासारखीच नोंद करून दोन्ही आठवडे शेजारी ठेवून वाचावेत. झोप, सकाळची तरतरी, चिडचिड आणि पोटाची तक्रार यांत फरक दिसतो का, ते पाहावे. फरक नसेल किंवा थकवा वाढला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-12 व थायरॉइडची तपासणी करावी. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. त्याच्या कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो आणि मन खचते. शाकाहारी घरांत म्हणूनच दूध, दही किंवा ताक रोज असावे, आणि तपासणीत कमतरता निघाली तर गोळ्या किंवा इंजेक्शन घ्यावे लागते.

पेरणीच्या धावपळीत आणि लग्नसराईत ही घडी विस्कटते. अशा वेळी सकाळचे खाणे आणि दिवसातून एकदा घट्ट वरण किंवा उसळ, या दोनच गोष्टी धरून ठेवाव्यात. पालेभाजी, चटणी आणि वही यांची घडी काम ओसरल्यावर पुन्हा बसवता येते.